छातीतली जळजळ आणि आठ आठवड्यांची गोळी : प्रकल्प नोंदी, जुलै ते ऑक्टोबर 2025

काम असं: पँटोप्राझोल (जठरातलं आम्ल कमी करणारी गोळी) 40 मिलिग्रॅमचा आठ आठवड्यांचा कोर्स एकदा तरी जसा घ्यायला हवा तसा घेऊन बघायचा, मग गोळी थांबवायची आणि पुढचं ठरवायचं. रुग्ण पुरुष, वय 48, डोंबिवली ते दादर रोजचा प्रवास, वजन 81 किलो, कंबर 98 सेंटिमीटर, रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन 5 चालू, जेवणानंतर तंबाखू. तक्रार नेहमीचीच: "गोळी रोज घेतो, तरी जळजळ जात नाही." औषधातला प्रत्येक बदल फॅमिली डॉक्टरांनी केलेला आहे. या वहीत फक्त काय केलं, काय बिघडलं आणि काय दुरुस्त केलं एवढंच आहे. हेच करून बघणाऱ्यांनी गोळीचं नाव नव्हे, तर वेळापत्रक उचलावं.

20 जुलै, रविवार

सुरुवातीआधीची तपासणी. छातीत जळजळतं म्हणून सगळंच अ‍ॅसिडिटी नसतं. पन्नाशीच्या आसपासचा, तंबाखू खाणारा, रक्तदाब असलेला माणूस आहे, त्यामुळे पहिलं काम ईसीजी. तो ठीक आला. तरीही घरात सांगून ठेवलं: जिने चढताना दुखलं, घाम फुटला, जबड्यात किंवा हातात कळ गेली, दम लागला, तर सोडा पाजत बसायचं नाही. 108 लावायचा आणि हॉस्पिटल गाठायचं.

दुसरी यादी धोक्याच्या खुणांची: घास अडकणं, गिळताना दुखणं, आपोआप वजन घटणं, काळी शी, रक्ताची उलटी, सतत उलट्या, रक्त कमी असणं. यातलं एकही असेल तर आठ आठवडे गोळी खात थांबायचं नसतं, सरळ एंडोस्कोपी (तोंडावाटे दुर्बिणीने तपासणी) करायची. इथे काहीच नव्हतं, म्हणून कोर्स सुरू करायला हरकत नव्हती.

मोजमापासाठी जर्डक्यू ही सहा प्रश्नांची प्रश्नावली घेतली. मागच्या सात दिवसांत किती दिवस त्रास झाला ते विचारतात: एकही नाही तर 0, एक दिवस 1, दोन-तीन दिवस 2, चार ते सात दिवस 3. जळजळ, घशाशी येणं, झोपमोड आणि वरून घ्यावी लागलेली औषधं हे चार प्रश्न सरळ आहेत. वरच्या पोटात दुखणं आणि मळमळ हे दोन उलटे: नसतील तर 3 गुण, कारण ती लक्षणं असली की दुखणं दुसरं असण्याची शक्यता वाढते. एकूण 18 पैकी 8 किंवा जास्त आले तर रिफ्लक्स (जठरातलं आम्ल वर अन्ननलिकेत येणं) असण्याची शक्यता धरतात. हे आधी समजून घ्यावं, कारण ठणठणीत माणसालाही यात 6 गुण पडतात. शून्याची वाट बघत बसू नये.

आजचा आकडा: जळजळ 3, घशाशी येणं 2, पोटदुखी नाही 3, मळमळ नाही 3, झोप 2, वरची औषधं 3. एकूण 16.

पोटात जाणारं सगळं टेबलावर मांडायला लावलं. रोजच्या गोळ्यांशिवाय निघालं ते असं: अँटासिडची बाटली, फसफसणाऱ्या सोड्याची पाकिटं, कामदुधा, अंगदुखीवर अधूनमधून डायक्लोफेनॅक. कामदुधात मोती, प्रवाळ, शंख, शिंपल्यांची भस्मं असतात, म्हणजे बरंचसं कॅल्शियम कार्बोनेट. ते वरच्या औषधात धरलं. सोडा त्याच दिवशी बंद केला: एक ग्रॅम खाण्याच्या सोड्यात साधारण 270 मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि एका पाकिटात असा सोडा दोन ग्रॅमच्या वर सहज भरतो. एका बाजूला रक्तदाबाची गोळी आणि दुसऱ्या बाजूला हे, असं चालणार नाही. डायक्लोफेनॅकही थांबवलं. गरज पडली तर पॅरासिटामॉल.

21 जुलै, सोमवार

पट्टी बदलली. आधीची पँटोप्राझोल 40 अधिक डॉम्पेरिडोन 30, सावकाश सुटणारी. आपल्याकडे ही जोडगोळी इतकी रुळली आहे की "गॅसची गोळी द्या" म्हटलं तरी हीच हातात येते. मळमळ नाही, उलटी नाही, मग डॉम्पेरिडोन कशाला? हृदयाच्या ठोक्याची लय बिघडण्याच्या धोक्यामुळे युरोपच्या औषध नियामकाने 2014 साली त्यावर मर्यादा घातल्या: फक्त मळमळ-उलटीसाठी, 10 मिलिग्रॅम दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, शक्यतो आठवड्याच्या आत. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन किंवा बुरशीवरचं किटोकोनाझोल सोबत असेल तर धोका आणखी वाढतो. डॉक्टरांनी साधी पँटोप्राझोल 40 लिहून दिली. जनऔषधी केंद्रात तीच ब्रँडच्या पट्टीपेक्षा बरीच स्वस्त पडते.

औषधाच्या दुकानात नेहमी विचारलं जातं म्हणून इथेच लिहितो: ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल (पँटोप्राझोलच्याच जातीची औषधं) आणि क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी रोखणारी गोळी) एकत्र असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगावं. या दोन्ही औषधांमुळे क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो, त्यामुळे अशा वेळी बहुतेक जण पँटोप्राझोल निवडतात.

24 जुलै, गुरुवार

गाडं अडलं होतं ते इथे. गोळी चुकत नव्हती, पण वेळ साफ चुकीची होती.

जुना क्रम: सकाळी सव्वासहाला गोळी, लगेच दुधाचा चहा आणि बिस्किटं, 8:12 ची लोकल, नाश्ता ऑफिसात पावणेदहाला. म्हणजे गोळी आणि पहिलं खरं खाणं यांत साडेतीन तास.

ही गोळी जठरात काम करत नाही. वरच्या कवचामुळे ती जठर ओलांडून आतड्यात विरघळते, रक्तात जाते आणि रक्तातून आम्ल तयार करणाऱ्या पेशींपर्यंत पोचते. तिथे ती पेशींतले आम्ल सोडणारे पंप बंद पाडते, पण फक्त चालू असलेले, झोपलेल्या पंपांना हात लावत नाही. पंप मोठ्या संख्येने जागे होतात ते जेवताना. आणि रक्तातलं तिचं अर्धं प्रमाण तास-दोन तासांतच संपतं. म्हणजे पावणेदहाला पोहे पोटात पडून पंप जागे होईपर्यंत गोळी बहुतेक ओसरलेली. नंतर डोस दुप्पट केला तरी वेळ तीच राहिली, तर हाती फारसं लागत नाही.

म्हणून नियम: गोळी "सकाळी उपाशीपोटी" नव्हे, तर पहिल्या भरपेट खाण्याच्या आधी अर्धा ते एक तास. घड्याळाला नाही, ताटाला बांधायची.

पहिला उपाय होता सव्वासहाला गोळी आणि सातला घरीच नाश्ता. तो टिकला नाही. डबे भरायच्या गडबडीत सातला नाश्ता होत नाही, आणि झाला तरी त्या वेळी भूक नसते. त्यामुळे दोन पोह्यांचे घास आणि चहा, एवढ्यावर भागतं. हे भरपेट खाणं नव्हे.

दुसरा उपाय: सव्वासहाला अर्धा कप चहा, बिस्किटं बंद. गोळी दादरला उतरल्यावर सव्वानऊला, बाटलीतल्या पाण्याबरोबर. नाश्त्याचा डबा 9:50 ला. लोकलमध्ये घ्यायचा विचार सोडला, कारण गर्दीत बाटली तोंडाला लावता येत नाही आणि तोंडात धरलेल्या गोळीचं कवच विरघळू लागतं. चावायची किंवा कुटायची तर नाहीच. कवच गेलं की जठरातल्या आम्लात औषध वाया.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांसाठी: उठल्याबरोबर थायरॉइडची गोळी पाण्याबरोबर, मग अर्ध्या तासाने ही, मग आणखी अर्ध्या-पाऊण तासाने नाश्ता. अँटासिड आणि थायरॉइडच्या गोळीत चार तास हवेत. पँटोप्राझोल सुरू केल्यावर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासावं, कारण आम्ल कमी झालं की थायरॉइडची गोळी कमी शोषली जाते.

25 जुलै, शुक्रवार

नवा क्रम लागू. आठ आठवडे आजपासून मोजायचे, 21 तारखेपासून नाही. शेवटची गोळी 18 सप्टेंबरला. परिणाम लगेच दिसणार नाही हे सांगून ठेवलं. दर दिवशी नवे पंप तयार होतात, जुने बंद पडतात, आणि हे गणित स्थिरावायला तीन ते पाच दिवस लागतात. म्हणूनच "त्रास झाला की एक" अशी ही गोळी घेणं म्हणजे पैसे वाया.

शनिवार-रविवारची वेळ वेगळी ठेवली: सव्वाआठला गोळी, नऊला नाश्ता. विसरली आणि नाश्ता झाला, तर दुपारच्या जेवणाआधी अर्धा तास. सोडून द्यायची नाही.

28 जुलै, श्रावणी सोमवार

संध्याकाळी उपास सोडायचा. सव्वानऊला सवयीने गोळी घेतली गेली आणि संध्याकाळी सातपर्यंत फक्त चहा-केळं. आजची गोळी फुकट. रात्री घशाशी आलं.

4, 11 आणि 18 ऑगस्टच्या सोमवारांसाठी बदल: दुपारी साबुदाण्याची खिचडी खायची असेल तर गोळी तिच्याआधी अर्धा तास. काहीच खायचं नसेल तर संध्याकाळी उपास सोडण्याआधी पाऊण तास. खिचडी वाटीभरच. दाण्याचं कूट आणि तूप यांमुळे जठर उशिरा रिकामं होतं, आणि भरलेलं जठर ताणलं की अन्ननलिकेच्या तळाची झडप मधूनमधून आपोआप सैल पडते.

30 जुलै, बुधवार

घरच्यांनी आठवड्याच्या गोळ्या पट्टीतून काढून प्लास्टिकच्या डबीत भरल्या होत्या. पावसाळ्याची दमट हवा आणि ही औषधं यांचं जमत नाही. ओमेप्राझोल तर ओलाव्याने लवकर खराब होतं. दोन गोळ्यांचं कवच चिकट लागलं, त्या टाकून दिल्या. आता पट्टी कापून ठेवायची, गोळी घेतानाच फोडायची.

3 ऑगस्ट, रविवार

पलंग. यात एक आठवडा आणि चौदाशे रुपये गेले.

दोन उश्या एकावर एक ठेवायची सवय पहिल्याच दिवशी मोडली होती. त्याने मान आणि छाती वाकते, कंबरेत घडी पडते, पोटावर दाब येतो आणि उलट जास्त घशाशी येतं. मग फोमची उतरती गादी आणली: 32 डेन्सिटीचा फोम, लांबी 45 सेंटिमीटर, उंच बाजू 20. दोन चुका एकदम. लांबी कमी म्हणून ती खांद्याखालीच संपायची, परत तीच घडी. आणि फोम इतका नरम की पाठीच्या वजनाने अर्ध्यावर दबला. चार रात्रींत मान आखडली.

आज सुताराकडून लाकडी ठोकळे आणले, फक्त डोक्याकडच्या दोन पायांसाठी. ठोकळा 17 सेंटिमीटर उंच, वरून 12 बाय 12, मधोमध पलंगाच्या पायाच्या मापाची 2 सेंटिमीटर खोल खाच. खाचेशिवाय ठोकळा वापरू नये, कूस बदलताना पाय घसरून पलंग खाली येतो. उंची निव्वळ 15 सेंटिमीटर मिळाली. दोन्हींचे मिळून 350 रुपये. नुसत्या विटा लावायच्या तर दोन आडव्या विटांची उंची जवळपास तेवढीच होते, पण त्या सरकतात आणि भुगा होतो.

पहिल्या रात्री अंग आणि गादी दोन्ही पायथ्याकडे घसरली. गादीखाली रबरी मॅट टाकली, गुडघ्यांखाली चादरीची वळकटी ठेवली, थांबलं. ज्यांचा पलंग पेटीचा आहे किंवा जे जमिनीवर गादी टाकून झोपतात, त्यांनी उतरती गादीच करून घ्यावी, पण किमान 70 ते 75 सेंटिमीटर लांब, उंच बाजू 18 ते 20, फोम 40 डेन्सिटीचा किंवा रीबॉन्डेड. नितंबापासून डोक्यापर्यंतचा सगळा भाग एका उतारावर आला पाहिजे.

कूस डावी. उजव्या कुशीवर झोपलं की जठरातलं पाणी झडपेच्या पातळीवर येतं. डाव्या कुशीवर ते खाली साठतं आणि अन्ननलिकेत आलेलं लवकर परत उतरतं.

5 ऑगस्ट, मंगळवार

डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन काढून टेल्मिसार्टन 40 दिली. अ‍ॅम्लोडिपिनच्या जातीची औषधं गुळगुळीत स्नायू सैल करतात, त्यात अन्ननलिकेची झडपही येते. रक्तदाब दोन आठवडे रोज सकाळी मोजायचा. पलंगाचा बदल नुकताच झाला असताना हाही बदल आला, त्यामुळे पुढच्या सुधारणेचं श्रेय नेमकं कुणाला ते सांगता येणार नाही. पण रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करायची नाही, हे मात्र ठासून सांगावं लागतं.

10 ऑगस्ट, रविवार

आकडा 13. दिवसाची जळजळ निम्म्यावर आली, रात्रीचं घशाशी येणं दोन दिवस. अपेक्षेइतकं खाली आलं नाही, आणि कारण ताटात होतं: घरी सव्वाआठ, जेवण पावणेदहा, झोप अकरा. जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. इथे सव्वा तास.

"लवकर जेवा" म्हणून भागत नाही. उपाय म्हणून संध्याकाळचं मुख्य खाणं ऑफिसातच आणलं. सव्वासहाला छोटा डबा: दोन पोळ्या आणि कोरडी भाजी. घरी आल्यावर साडेआठच्या आत वाटीभर वरण-भात किंवा मुगाची खिचडी, झोप साडेअकराला. पहिल्या आठवड्यात हे दोनदा बिघडलं, कारण सकाळी भरलेली रस्साभाजी संध्याकाळपर्यंत वास मारू लागली आणि डब्याऐवजी स्टेशनबाहेर वडापाव झाला. मग दशमी, मेथीचे ठेपले, बटाट्याची सुकी भाजी पोळीत गुंडाळून, असं टिकणारं द्यायला सुरुवात केली.

जेवणानंतर शतपावली. वज्रासन चालतं, पाठ ताठ राहते. चालत नाही ते वाकणं: लादी पुसणं, खाली बसून सामान बांधणं, सकाळचे योग नाश्त्यानंतर करणं. सर्वांगासन आणि हलासन कोर्सभर बंद. पँटचा पट्टा एक भोक सैल.

मिरची, ठेचा, आंबट यांवर सरसकट बंदी घातली नाही. लांबलचक पथ्याची यादी दिली की माणूस दोन आठवड्यांत सगळंच सोडतो. आंबट-तिखट सुजलेल्या नळीला झोंबतं, पण रिफ्लक्स वाढतो तो प्रामुख्याने ताटाच्या आकाराने, तळणाने आणि वेळेने. रात्री थंड दूध पिण्याची सवय मात्र बंद केली. घटकाभर बरं वाटतं, पण त्यातल्या प्रथिनांनी आणि कॅल्शियमने आम्ल पुन्हा सुटतं.

12 ऑगस्ट, अंगारकी संकष्टी

चंद्रोदय रात्री उशिरा, ताट त्यानंतर. हे टाळता येत नाही, म्हणून आधीच आखून ठेवलं. आजची गोळी सकाळी नाही, चंद्रोदयाच्या अर्धा तास आधी. ताटात वरण-भात, भाजी, एक मोदक. तळलेलं नाही. जेवल्यावर बसून राहायचं. झोपताना 10 मिलिलिटर अल्जिनेटचं औषध.

अल्जिनेट साध्या अँटासिडसारखं नाही. जठरातल्या आम्लाशी गाठ पडली की त्याचा जेलीसारखा थर तयार होतो आणि अन्नावर तरंगतो. जेवणानंतर अन्नाच्या वर आम्लाचा एक कप्पा साठतो, तो थर त्यावर झाकण घालतो. म्हणून ते जेवणानंतर आणि झोपताना घ्यायचं, आणि त्यावर पाणी प्यायचं नाही. उपाशीपोटी घेतलं तर थर टिकत नाही, लवकर पुढे निघून जातो.

रात्र शांत गेली.

17 ऑगस्ट, रविवार

आकडा 10. झोपमोड एकही नाही. रक्तदाब ठीक.

20 ते 23 ऑगस्ट

18 आणि 19 तारखेच्या पावसाने मुंबई बुडाली. रुग्ण गुडघाभर पाण्यातून चालत घरी आला. लेप्टोचा (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या संसर्गाचा) धोका म्हणून 20 ला डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक 200 मिलिग्रॅम एकदाच घ्यायला सांगितलं, म्हणजे 100 च्या दोन कॅप्सूल. त्या रात्री झोपायच्या वेळी दोन घोट पाण्याबरोबर घेतल्या आणि अंथरुणावर पाठ टेकली.

21 ला सकाळी गिळताना छातीच्या मधोमध सुरी फिरल्यासारखं दुखणं, पाणीसुद्धा अडखळत. घरच्यांना वाटलं कोर्स फसला, गोळी दुप्पट करायची. गिळताना दुखणं ही धोक्याच्या यादीतली खूण आहे, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांकडे. हे रिफ्लक्सचं नव्हतं. कॅप्सूल नळीत चिकटून तिथेच विरघळली होती, आणि डॉक्सिसायक्लिनचं पाणी चांगलंच आम्लधर्मी असतं. नळीला जखम झाली. पावसाळ्यात हे पुष्कळदा दिसतं आणि पुष्कळदा "अ‍ॅसिडिटी वाढली" म्हणून खपून जातं.

दिलेला उपाय: सुक्रालफेट (जखमेवर थर धरणारं औषध) एक ग्रॅम पातळ स्वरूपात, पँटोप्राझोल घेतल्यावर किमान अर्ध्या तासाच्या अंतराने. तीन दिवस मऊ आणि कोमट खाणं. 23 ला दुखणं बरंच उतरलं. आठवडाभरात गेलं नसतं तर एंडोस्कोपी ठरली होती.

कुणालाही डॉक्सिसायक्लिन दिली तर हे सांगून द्यावं: जेवणानंतर, बसून किंवा उभ्याने, पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. झोपताना कधीच नाही. अँटासिड आणि लोहाच्या गोळ्या त्या वेळी दूर ठेवाव्यात, औषध शोषलं जात नाही. हाडांसाठीची अ‍ॅलेंड्रोनेट आणि लोहाची गोळी यांनीही नळीला अशीच इजा होते.

24 तारखेचा आकडा घेतला नाही. तो रिफ्लक्सचा नसता.

27 ऑगस्ट ते 6 सप्टेंबर, गणपती

उकडीच्या मोदकांनी त्रास झाला नाही, ते दुपारी झाले. 1 सप्टेंबरला गौरीजेवणात पुरणपोळी, कटाची आमटी, तूप, सगळं दुपारी दीडला आणि त्यानंतर रात्री फक्त ताक. तेही निभावलं. बिघडलं ते रात्रीच्या आरत्यांनी: अकरा वाजता प्रसादाची वाटी, मग भजनाला बसलेल्यांबरोबर चहा-भजी. 31 चा आकडा 9, त्यात एक दिवस जळजळ आणि एक दिवस घशाशी, दोन्ही अशाच रात्रींचे. जे खाल्लं त्यापेक्षा ज्या वेळी खाल्लं ते महाग पडलं.

7 सप्टेंबर, रविवार

तंबाखू. तो झडपेचा दाब कमी करतो आणि चुन्यासकट घशाला जाळतो, हे त्याला माहीत होतं. सुटत नव्हता तो जेवणानंतरचा विडा. 1800-11-2356 या मोफत राष्ट्रीय क्विटलाइनवर बोलणं करून दिलं, त्यांनी तारीख ठरवून घेतली आणि परत फोन केले. 2 मिलिग्रॅमची निकोटिन गम सुरू केल्यावर पहिले चार दिवस उलट जळजळ. कारण गम सुपारीसारखी सतत चघळून थुंकी गिळली जात होती. पद्धत अशी: झणझणीत लागेपर्यंत सावकाश चावायची, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायची, चव गेली की पुन्हा. तशी घेतल्यावर जळजळ थांबली.

वजन 78. कंबर 95. वजनासाठी वेगळं काही केलं नाही, रात्रीचं ताट लहान झाल्याचा परिणाम.

14 सप्टेंबर, रविवार

आकडा 7. वरचा एक गुण खाली वाकल्यावर एकदा आंबट पाणी आल्याचा. वरची औषधं शून्य.

आता थांबवण्याची तयारी, आणि बरेच जण इथेच परत अडकतात. आठ आठवडे आम्ल दबलेलं असलं की शरीर गॅस्ट्रिन (आम्ल सोडायला लावणारं संप्रेरक) वाढवतं, आणि गोळी थांबली की काही आठवडे आम्ल नेहमीपेक्षा जास्त सुटतं. डेन्मार्कमध्ये 120 निरोगी माणसांवर केलेला अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला: रिफ्लक्स कधीही नसलेल्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल 40 देऊन थांबवलं, तर त्यानंतरच्या महिन्यात 44 टक्क्यांना जळजळ वगैरे लक्षणं आली, नुसत्या साखरगोळीवाल्या गटात 15 टक्क्यांना. म्हणजे पहिल्या दोन-तीन आठवड्यांतली जळजळ ही दुखणं परतल्याची खात्रीची खूण नाही. हे आधी सांगितलं नाही तर माणूस पाचव्या दिवशी घाबरून गोळी सुरू करतो आणि आयुष्यभर खातो.

22 ला घटस्थापना. रुग्णाचा उठता-बसता उपास असतो, नऊ दिवसांचा नाही, म्हणून तारीख बदलली नाही.

19 सप्टेंबर, शुक्रवार

गोळी बंद. जेवणानंतर गरजेपुरतं अल्जिनेट, फार त्रास झाल्यास रात्री फॅमोटिडीन 20 (आम्ल कमी करणारी वेगळ्या जातीची गोळी), आठवड्यातून तीनदाच. रोज घेतलं तर त्याचा असर एक-दोन आठवड्यांत कमी होतो. घरात जुनी रॅनिटिडीनची पट्टी होती, ती वापरली नाही. त्यातल्या एनडीएमए या अशुद्धीमुळे अमेरिकेत 2020 साली ते बाजारातून काढायला लावलं आणि आपल्या आवश्यक औषधांच्या यादीतून 2022 मध्ये वगळलं. पलंगाचे ठोकळे, संध्याकाळचा डबा, डावी कूस तशीच.

28 सप्टेंबर, रविवार

आकडा 14. जळजळ चार दिवस, घशाशी दोन दिवस, झोपमोड एकदा. अपेक्षित. थांबायचं ठरलं.

7 ऑक्टोबर, मंगळवार

5 तारखेचा आकडा 12. झोपमोड नाही, पण घशाशी येणं तेवढंच. त्यात काल कोजागिरी, मध्यरात्री दोन पेले मसाला दूध आणि तासाभरात झोप. पहाटे आंबट पाण्याने जाग. पण कोजागिरी सोडूनही घशाशी येणं कमी होत नाही, म्हणून डॉक्टरांनी एंडोस्कोपी ठरवली.

गोळी बंद असतानाच ती करण्यात अर्थ आहे. बंद केल्यावर दोन ते चार आठवड्यांनी केली तर नळी खरी कशी आहे ते दिसतं, गोळी चालू असताना जखमा भरलेल्या असतात आणि अहवाल "नॉर्मल" येतो. एच. पायलोरी या जठरातल्या जंतूची तपासणी करायची तरी गोळी दोन आठवडे आणि प्रतिजैविकं चार आठवडे बंद हवीत, नाहीतर जंतू असूनही नाही असं येतं. इथे डॉक्सिसायक्लिन 20 ऑगस्टचं, म्हणजे तेही बसत होतं.

10 ऑक्टोबर, शुक्रवार

अहवाल: अन्ननलिकेच्या तळाला लॉस एंजेलिस वर्गवारीतल्या (ए सौम्य ते डी तीव्र) बी दर्जाच्या जखमा, झडपेपाशी लहान हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकणं), बॅरेट्स (आम्लाने नळीचं अस्तर बदलणं) नाही, एच. पायलोरी नाही. कॅप्सूलच्या जागी व्रण राहिलेला नाही.

म्हणजे निदान पक्कं, आणि गोळी कायमची बंद होण्याजोगं हे दुखणं नाही. सी किंवा डी दर्जा असता तर पूर्ण डोस दीर्घकाळ लागला असता. बी दर्जासाठी डॉक्टरांनी सांगितलं ते असं: जखमा भरण्यासाठी पँटोप्राझोल 40 आणखी आठ आठवडे, त्याच वेळेला, मग 20 वर उतरायचं. तिथे महिनाभर आकडा 8 च्या खाली राहिला तर एक दिवसाआड करून बघायचं. वर्षातून एकदा बी-12 आणि मॅग्नेशियम तपासायचं.

आणि याच डोसवर, हीच वेळ पाळूनही आकडा 8 च्या वर राहिला, तर दिवसातून दोनदा गोळी किंवा वोनोप्राझान या आम्ल कमी करणाऱ्या दुसऱ्या औषधाचा विचार करण्याआधी 24 तासांची पीएच तपासणी (नळीत आम्ल किती येतं त्याचं मोजमाप). वोनोप्राझानला जेवणाच्या वेळेचं बंधन नाही, ज्यांचं ताट रोज वेगळ्या वेळी असतं त्यांना ते सोयीचं आहे, पण महाग पडतं.

पहिली गोळी 11 ला सव्वाआठला, नाश्ता नऊला. पुढचा आकडा 26 ऑक्टोबरला, दिवाळीच्या फराळानंतर.